घर, अंगण आणि तिची कला

एखाद्या चित्रप्रदर्शनाला आपण जातो. दाराशीच छापील पत्रक हाती पडते. चित्रकार पुरुष असेल तर त्यात त्याचे शिक्षण, त्याचे गुरू, त्याला मिळालेली पारितोषिके यांची यादी असते. चित्रकार बाई असेल तर या यादीला जोडून एक वाक्य बहुधा असतेच: ‘घरसंसार सांभाळून फावल्या वेळात त्यांनी हा छंद जोपासला आहे.’ वाक्य लिहिणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच असतो. वाचणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. ज्या बाईविषयी ते लिहिलेले असते, तीसुद्धा मान तुकवून ते स्वीकारते. पण हेच वाक्य एखाद्या पुरुषाच्या परिचयात घालून पाहा. ‘नोकरी आणि संसार सांभाळून फावल्या वेळात त्यांनी हा छंद जोपासला’ असे कोणी लिहिले तर त्या चित्रकाराला तो अपमान वाटेल.

हा फावला वेळ म्हणजे नेमका कोणता वेळ? दुपारची भांडी आवरल्यानंतर आणि संध्याकाळच्या चहाचे आधण ठेवण्यापूर्वी जो तासभर मिळतो तो? की घरातले सगळे निजल्यावर, डोळे मिटत असताना उरतो तो? केंद्र सरकारने २०१९ आणि २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. २०२४ च्या पाहणीनुसार घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात. म्हणजे पावणेपाच तासांहून थोडे अधिकच. असे काम करणाऱ्या पुरुषांचा आकडा आहे ८८ मिनिटे, म्हणजे दीड तासालाही दोन मिनिटे कमी. जे पुरुष घरात काडीही हलवत नाहीत त्यांची तर या सरासरीत गणतीच नाही. मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे करण्यात जाणारा वेळ आणखी वेगळा. तेव्हा बाईच्या कलेविषयी बोलायचे तर आधी तिच्या घड्याळाविषयी बोलावे लागते.

घर हे बाईच्या कलेचे माहेर आहे की तिचा तुरुंग, असा वाद आपल्याकडे अधूनमधून रंगतो. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात. पण दोन कलावतींची आयुष्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली की या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही, हे ध्यानात येते. एक स्वीडनमधली, दुसरी इंग्लंडमधली. दोघींनाही घर होते, मुले होती, बागही होती. आणि दोघींचे नवरे नामवंत चित्रकार होते.

पहिली कारीन लार्सन. १८५९ साली जन्मलेली ही व्यापाऱ्याची मुलगी स्टॉकहोमच्या राजेशाही कला अकादमीत चित्रकला शिकली. पुढच्या अभ्यासासाठी ती फ्रान्सला गेली. पॅरिसजवळच्या ग्रे नावाच्या खेड्यात स्कँडिनेव्हियातल्या चित्रकारांची तेव्हा वस्तीच होती. तिथे तिला कार्ल लार्सन भेटला. १८८३ साली त्यांनी लग्न केले. पुढच्याच वर्षी पहिली मुलगी झाली. एकूण आठ अपत्ये. त्यांतले एक तान्हेपणीच गेले. मुले होऊ लागली तसा कारीनचा कुंचला बाजूला पडला. एका शिकलेल्या, हात तयार असलेल्या चित्रकर्तीने कॅनव्हासकडे पाठ फिरवली.

गोष्ट इथेच संपली असती तर ती आपल्याकडच्या हजारो गोष्टींसारखीच झाली असती. पेटी वाजवणारी, सतार शिकलेली, ‘जेजे’त जाऊन आलेली कितीतरी मुलगी लग्नानंतर वाद्यावर खोळ चढवते आणि ती खोळ पुढे तीस वर्षे निघत नाही. कारीनचे तसे झाले नाही. १८८८ साली तिच्या वडिलांनी या जोडप्याला डालार्ना प्रांतातल्या सुंडबोर्न गावी नदीकाठचे एक छोटे लाकडी घर दिले. त्या घरावर कारीनने आपली सारी चित्रकला खर्च केली. तिने माग घेतला आणि पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरची वस्त्रे विणली. भरतकाम केले. खुर्च्या-टेबलांची चित्रे काढून सुतारांकडून ती करवून घेतली. मुलांचे आणि स्वतःचे कपडे बेतले. अंगाला न आवळणारा, कामाला सोयीचा सैल झगा तिने शिवला. तिच्या गरोदरपणांचा आणि कामांचा विचार केला म्हणजे त्या बेताचे मोल कळते. त्या काळी श्रीमंत घरे गडद रंगांच्या जड सामानाने आणि मखमली पडद्यांनी कोंदून गेलेली असत. कारीनच्या घरात लाल-हिरवे रंगवलेले लाकूड होते, खिडकीतून थेट येणारा उजेड होता आणि खिडकीच्या फळीवर फुलांच्या कुंड्या होत्या.

कार्लने या घराची, मुलांची, कुंड्यांची, बागेतल्या न्याहारीची जलरंगात चित्रे काढली. १८९९ साली ती पुस्तकरूपाने आली आणि त्या चित्रांनी युरोपभर घर सजवण्याची एक नवी दृष्टी दिली. साध्या, उजळ, मुलांना वावरायला मोकळ्या अशा ज्या घराला पुढे जग ‘स्वीडिश पद्धतीचे घर’ म्हणू लागले, त्याचे मूळ सुंडबोर्नमध्ये आहे. चित्रांखाली सही अर्थातच कार्लची. चित्रातला पडदा, चित्रातली खुर्ची, चित्रातल्या मुलीचा झगा ही ज्या हातांची निर्मिती होती, तिच्यावर सही कुठेच नव्हती. पडद्यावर कोण सही करते? कार्ल १९१९ साली गेला, कारीन १९२८ साली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने मोठे प्रदर्शन भरवून दोघांची नावे या घरशैलीचे निर्माते म्हणून बरोबरीने लावली ती १९९७ साली. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

कारीनने काही गमावले का? गमावलेच. तिने पुढे काय रंगवले असते हे आपल्याला कधीच कळणार नाही. तिने काही मिळवले का? तेही मिळवले. चित्रशाळेत शिकवली न जाणारी एक गोष्ट तिने करून दाखवली. रोज वापरायची, धुवायची, मुलांनी ओढायची वस्तूही विचारपूर्वक सुंदर करता येते, हे तिने दाखवले. या दोन उत्तरांपैकी एकच उत्तर खरे मानण्याचा हट्ट धरला की तिच्यावर अन्याय होतो. ‘बिचारी’ म्हटले तर तिच्या कामाचा अपमान, आणि ‘पाहा, घर सांभाळूनही कसे करता येते’ म्हटले तर तिच्या त्यागावर आपण फुकटची मोहोर उमटवतो.

दुसरी बार्बरा हेपवर्थ. १९०३ साली यॉर्कशायर परगण्यातल्या वेकफील्ड गावी जन्मलेली ही शिल्पकार. दगड आणि लाकूड थेट छिन्नीने कोरायचे, आधी मातीत घडवून मग दुसऱ्याकडून दगडात उतरवून घ्यायचे नाही, हा तिचा बाणा. पहिल्या लग्नापासून तिला १९२९ साली मुलगा झाला, पॉल. पुढे ते लग्न मोडले आणि चित्रकार बेन निकल्सन तिच्या आयुष्यात आला. १९३४ च्या ऑक्टोबरात तिला तिळी झाली, एक मुलगा आणि दोन मुली. घर म्हणजे लंडनमधली एक चित्रशाळा, पैशांची ओढाताण, आणि एकदम तीन तान्ही बाळे!

इथे तिने जे केले त्याबद्दल तिला आजही नावे ठेवली जातात. तिने तिन्ही बाळांना काही काळ जवळच्याच एका शिशुसंगोपन केंद्रात ठेवले आणि थोड्याच आठवड्यांत छिन्नी हाती घेतली. बाळे दोघांची होती. काम दोघांनाही करायचे होते. पण ‘मुलांना दूर ठेवून काम कसे केलेस?’ हा प्रश्न जगाने विचारला तो तिलाच. बेन निकल्सनच्या पांढऱ्या उठावचित्रांवर लिहिताना ती तयार होत होती तेव्हा बाळांचे दूध कोण पाजत होते, अशी चौकशी कोणी करत नाही.

आणि तरीही, मातृत्वाने तिची कला आटली असे म्हणावे तर तसेही नाही. पुन्हा कामाला लागल्यावर तिच्या शिल्पांचे रूपच पालटले. माणसाच्या आकाराची उरलीसुरली खूण गेली. एकमेकांजवळ ठेवलेले स्वतंत्र आकार आले. त्यांच्यामधले अंतर, एकाचे दुसऱ्याशी असलेले नाते हाच शिल्पाचा विषय झाला. १९३५ सालच्या तिच्या एका प्रसिद्ध संगमरवरी शिल्पाचे नावच ‘तीन आकार’ असे आहे. तिघांचा त्या तिळ्यांशी संबंध जोडणे सोपे आहे आणि कदाचित भाबडेपणाचेही. पण घरात एकदम तीन नवे जीव आल्यावर ‘दोन वस्तूंमधले अंतर’ या गोष्टीकडे कोणाचे लक्ष जाणार नाही?

१९३९ साली महायुद्धाच्या तोंडावर हे कुटुंब कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी राहायला गेले. तिथल्या पहिल्या वर्षांत कोरीवकाम जवळपास बंदच पडले. दिवसा ती लहान मुलांची शाळा चालवी, स्वयंपाक करी, पोटासाठी अंगणाच्या तुकड्यात भाजीपाला पिकवी. रात्री मुले निजली की कागद आणि पेन्सिल घेऊन बसे. छिन्नीचा आवाज करायची सोय नाही, दगडाला पैसा नाही. मग चित्रे काढी, प्लास्टरचे लहान नमुने करी. ती रेखाटने पुढे मोठ्या शिल्पांचे बीज ठरली. स्त्रीने रोज थोडा का होईना वेळ काम केले तर मनातल्या प्रतिमा वाढत राहतात, अशा अर्थाचे तिने पुढे सांगून ठेवले आहे. पुष्कळ बायका ‘मुले मोठी झाली की करीन’ म्हणतात. बार्बराचा अनुभव असा की मध्ये सगळेच थांबवले तर मूल मोठे होते, पण प्रतिमा लहानच राहतात.

१९४९ साली तिने सेंट आयव्ह्ज गावात एक चित्रशाळा विकत घेतली. उंच भिंतींच्या आड बाग, बागेत कामाचे अंगण. दोन वर्षांनी बेनशी घटस्फोट झाला आणि ती तिथेच कायमची राहू लागली. या बागेकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. एका संगीतकार मैत्रिणीच्या मदतीने तिने ती फुलवली. पण ती केवळ शोभेची बाग नव्हती. तिथल्या सौम्य हवेत वर्षाचा बराच काळ उघड्यावर कोरता येई. दगडाची धूळ वाऱ्यावर जाई. दगडावरचा उजेड सकाळी एक, दुपारी दुसरा, पावसात तिसराच दिसे. शिल्पात पाडलेल्या भोकातून पलीकडचे झाड दिसे आणि झाड वाढले की शिल्पही बदले. घर, बाग आणि कर्मशाळा यांच्यात तिथे भिंतच नव्हती. न्याहारीहून उठले की चार पावलांवर दगड.

त्या घरात दुःखही आले. १९५३ साली पॉल ब्रिटिश हवाई दलात असताना थायलंडमध्ये विमान कोसळून गेला. गावातल्या चर्चसाठी तिने त्याच्या स्मृतीत माता आणि बालकाचे शिल्प कोरले. ज्या बाईने मूल दूर ठेवले म्हणून तिला बोल लावले जातात, तिने पुत्रशोकात काय केले हे त्या शिल्पापुढे उभे राहून ठरवावे. पुढे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रांगणात, विमान अपघातात मरण पावलेले सरचिटणीस दाग हमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ, तिचे एकवीस फुटी ब्राँझ शिल्प १९६४ साली उभे राहिले. १९७५ साली बाहत्तर वर्षांची बार्बरा आपल्या त्याच चित्रशाळेत लागलेल्या आगीत मरण पावली. पुढच्या वर्षी घर आणि बाग लोकांना खुली झाली. तिने जिथे ठेवली तिथेच शिल्पे उभी आहेत. अर्धवट कोरलेले दगड, हत्यारे आणि खुंटीला टांगलेले तिचे कामाचे कपडेही तिथेच आहेत.

आता आपल्या अंगणात येऊ. परदेशातल्या बायांच्या गोष्टी सांगायचे कारण एवढेच की त्यांच्या आयुष्याची नोंद राहिली. आपल्याकडे कला कमी नव्हती, नोंद कमी होती. सकाळी सडा घालून काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायांखाली पुसली जाते. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी नातवंडांच्या अंगावर विरते. शिवणारीच्या मनात रंगांचा हिशोब असतो. लालशेजारी हिरवा तुकडा का, काठ कुठे वळवायचा, टाके कोपऱ्यात कसे फिरवायचे याचा ती निर्णय घेते. चित्रकार कॅनव्हासपुढे याहून वेगळे काय करतो? पण त्याला आपण ‘रचना’ म्हणतो आणि हिला ‘काटकसर’.

डहाणू, तलासरी, जव्हार परिसरातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवी. चौक लिहायच्या त्या सवाशिणींनी, आणि लग्नविधीची गाणी म्हणायची ती धवलेरीने. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर, कापडावर आली आणि जगभर गेली. जिव्या सोमा म्हसे हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. त्यांच्या प्रतिभेविषयी शंकाच नाही, पद्मश्रीने त्यांचा योग्य गौरव झाला. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चित्र भिंतीवर होते तोवर ते बायकांचे होते आणि विधी होते. भिंतीवरून उतरून त्याला किंमत आली तेव्हा ते कला झाले आणि त्याखाली येणारी नावे बहुतेक पुरुषांची होती. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय?

बहिणाबाईंचे नाव मात्र आपण सारे सांगतो. खानदेशातल्या असोद्याची ही लेक, अक्षरओळख नाही, ऐन तारुण्यात वैधव्य, पदरात मुले. जात्यावर बसून आणि शेतात राबता राबता त्या ओव्या रचत राहिल्या. त्यांचे घर आणि शेत हीच त्यांची बाग, हीच त्यांची कर्मशाळा. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने गाणी पुस्तकरूपाने आली. महाराष्ट्र थक्क झाला. पण हे घडले कशामुळे? घरातल्या कोणीतरी ऐकता ऐकता लिहून ठेवले म्हणून. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, आई जे म्हणते आहे ते काय आहे हे ओळखण्याचा कान त्याला होता. बहिणाबाईंची प्रतिभा अपवादात्मक होती हे खरेच, पण घरात एक ऐकणारा कान असणे हाही अपवादच होता. किती जात्यांवर किती ओव्या पिठाबरोबर सांडून गेल्या, याला मोजमाप नाही.

इथे या साऱ्याचा आपल्या घराशी संबंध येतो. कलावती घडवणे आपल्या हाती नाही, पण ऐकणारा कान होणे आपल्या हाती आहे. कारीनला माग ठेवायला जागा होती आणि सुतार तिच्या चित्राबरहुकूम काम करत होता. बार्बराला भिंतीआडचे अंगण होते. बहिणाबाईंना लिहून घेणारा मुलगा होता. प्रत्येकीच्या कलेमागे एखादी ठोस, हाताला लागणारी सोय होती. नुसत्या कौतुकावर कोणाचीही कला जगलेली नाही. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणायची, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण खिडकीखालचा एक कोपरा, जिथे ठेवलेला कागद दुसरे कोणी उचलणार नाही, एवढा तर देता येतो? घरात मुलाच्या अभ्यासाचे टेबल असते, बाबांच्या फायलींचे कपाट असते. आईच्या वस्तू मात्र बहुधा डबे, पिशव्या आणि पलंगाखालची पेटी यांतच असतात.

वेळेचेही तसेच. फावला वेळ तिने शोधायचा आणि तो सापडला तर सर्वांनी आनंद मानायचा, ही रीत सोडून द्यायला हवी. रोजचा एक तास ठरवावा. त्या तासात दार वाजले तर दुसऱ्याने उघडावे, कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्याने मोजाव्या, मुलाने ‘आई, माझा टॉवेल कुठाय?’ विचारले तर बाबांनी उत्तर द्यावे. उत्तर येत नसेल तर शोधून काढावे. हे उपकार नव्हेत. २८९ आणि ८८ मध्ये जे २०१ मिनिटांचे अंतर आहे, त्यातली फक्त साठ मिनिटे झाली.

आणि आज रविवार आहे म्हणून एक छोटे काम. दुपारी जेवणे झाल्यावर कपाटातली किंवा माळ्यावरची जुनी गोधडी खाली काढा. ती कोणी शिवली, कोणत्या साली, कोणाकोणाच्या लुगड्यांची, हे आईला, आजीला, आत्याला विचारा. सांगणारे कोणी उरले असेल तोवरच विचारा. मग पांढऱ्या कापडाच्या एका पट्टीवर ते नाव आणि ते साल न पुसणाऱ्या शाईने लिहा आणि ती पट्टी गोधडीच्या आतल्या कोपऱ्यात शिवून टाका. शिवणे घरातल्या मुलाला सांगितले तर अधिक बरे. चार टाके घालताना सुई बोटाला टोचेल, आणि एवढी मोठी गोधडी एकटीने कशी शिवली असेल, हा प्रश्न त्याच्या मनात आपसूक येईल.